टायटॅनियम-सफायर: 800 नॅनोमीटरचं शोषण हवेत तापवून जाईल का?

गुलाबी_कांडी:
532 नॅनोमीटरच्या प्रकाशाने पंप होणारा (म्हणजे त्यातून ऊर्जा घेणारा) 1 सेंमीचा टायटॅनियम-सफायर लेसर-स्फटिक आहे, ब्र्यूस्टर कट (परावर्तन टळावं म्हणून टोकं तिरकी कापलेला). पंप नीट शोषला जातो, तरी पॉवर कमीच. आरसे, अलाइनमेंट बघून झालं. स्फटिकच 800 च्या आसपास प्रकाश खातोय असं वाटतं. यटर्बियम-याग हा दुसरा लेसर-स्फटिक हवेत तापवला की त्याची निळसर-हिरवी झाक जाते. इथेही तसंच करू का?

भट्टी१६००:
हवेत अजिबात नको! यटर्बियम-यागमध्ये ऑक्सिजनची उणीव असते. ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा आणि यटर्बियम-2+ यांच्यामुळे ती झाक येते, हवा ती उणीव भरते. तुमचा दोष नेमका उलटा. थोडं टायटॅनियम 3+ विद्युतभाराऐवजी 4+ होऊन बसलंय. भार जुळावा म्हणून अशा दर तिघांमागे ॲल्युमिनियमची एक जागा रिकामी राहते. 3+ आणि 4+ शेजारी आले की ती जोडी 800 भोवती शोषते, म्हणजे लेसर चालतो तिथेच. हवेत 4+ वाढेल. हायड्रोजन मिसळलेला आर्गॉन आणि 1600 अंशांच्या वरचं तापमान लागतं. शिवाय नंतर पृष्ठभाग पुन्हा पॉलिश करावे लागू शकतात.

वर्णपट:
भट्टीआधी मोजा. 514 नॅनोमीटरचा शोषणगुणांक (दर सेंमीला किती प्रकाश शोषला जातो) भागिले 800 चा, ही फिगर ऑफ मेरिट, म्हणजे स्फटिकाच्या दर्जाचा आकडा. 150 च्या वर असेल तर चांगला. प्रकाश स्फटिकाच्या मुख्य अक्षाला (सी-अक्षाला) समांतर ध्रुवित हवा, नाहीतर आकडे निरर्थक.

514 ला प्रति सेंमी 2 आणि मेरिट 200 धरलं, तर 800 ला 0.01 येतो: एका फेरीत 1 टक्का, जाऊन-येऊन 2. आउटपुट कपलर (लेसरचा प्रकाश बाहेर सोडणारा आरसा) 5 टक्क्यांचा असेल तर हे फार झालं. पण समांतर पॉलिश केलेल्या, कोटिंग नसलेल्या तुकड्यात शोषण शून्य असलं तरी पारगमन सुमारे 86 टक्केच दिसतं, आणि 1 टक्का शोषण असेल तर 85.2. नमुना जरा तिरका बसला की हा फरक बुडाला. त्यापेक्षा 800 चा किरण आरपार सोडून स्फटिकाच्या कडेला थर्मिस्टर (तापमान मोजणारा घटक) लावा आणि तापमान किती चढतं ते बघा. परावर्तनाची भानगडच उरत नाही.

गुलाबी_कांडी:
आणि जास्त डोपिंगचा, म्हणजे जास्त टायटॅनियम मिसळलेला, नवीन घेतला तर?

भट्टी१६००:
उलट कमी डोपिंगचा, लांब घ्या. 4+ चा वाटा तोच राहिला तर टायटॅनियम दुप्पट केल्यावर जोड्या साधारण चौपट होतात, पंपाचं शोषण मात्र दुप्पटच.