सगळंच 'लई भारी' झालंय का आपल्याकडं?

लिंबकर:
माझं सरळ म्हणणं आहे, 'लई भारी'नं बाकीचे शब्द गिळले. मिसळ भारी, बुलेट भारी, आणि साताऱ्याजवळच्या आमच्या लिंबची बारा मोटेची विहीर, ११० फूट खोल, ५० फूट रुंद, आत चक्क छोटा महाल, तीपण नुसती भारीच. अरे ३०० वर्षांपूर्वी एका विहिरीवर बारा मोटा चालायच्या, त्याला अचाट म्हणा की! कासच्या पठारावर टोपली कारवी सात वर्षांतनं एकदा फुलते, तिथं उभं राहूनपण पोरांचं 'नाद खुळा' एवढंच. विलक्षण, अद्भुत हे काय फक्त निबंधात मार्क मिळवायला ठेवलेत?

मिरजेचा पोऱ्या:
दादा, कासला 'अहाहा काय विलक्षण' म्हणणारा आमच्या ग्रुपात असता तर त्याला तिथंच ठेवून आलो असतो 😂 शब्द एकच दिसतो ओ, पण 'भारीय' म्हणजे ठीकठाक, 'लई भारी' म्हणजे आवडलं, आणि 'भाऽऽरी' असं ओढलं की समजायचं प्रकरण वेगळंय. आणि 'जाळ आन धूर संगटच' काय पुस्तकातनं आलं? आपल्याच पोरांच्या तोंडातलं हाय. तुमचं ते अफलातून तरी कुठं इथलं, ग्रीसचा प्लेटो अरबी-फारसीतनं फिरत आला तो अफलातून झाला, तेव्हापण कुणीतरी बोंबललं असणारच.

कृष्णाकाठची:
चांगल्याचं ठीकय, वाईटाचं काय? २०१९ च्या पुरात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमची आज्जी एवढंच म्हणाली, 'आक्रीत झालं गं बाई.' कधी न घडलेलं, घडू नये असं, आणि आता पुढं काय वाढून ठेवलंय ही भीती, सगळं त्यात आलं. द्या बघू ह्याला तुमच्यातला शब्द.

मिरजेचा पोऱ्या:
बेक्कार. 'बेक्कार पाणी चढलंय' असंच म्हणत होते सगळे, आणि घाबरूनच म्हणत होते.

कृष्णाकाठची:
आणि तेच बेक्कार बिर्याणीला पण लावतोस ना? आक्रीत बिर्याणीला लागत नाही. लागलं तर ती खाऊ नकोस.

वाईवाला:
मी दोघांच्या मधी पडतो. विलक्षण, अद्भुत गेले तर जाऊ देत, ते पेपरवाल्यांनी आणि फ्लेक्सवाल्यांनी आधीच झिजवलेत. आमच्याकडं दरवर्षी त्याच मैदानात त्याच मंडळाचा 'न भूतो न भविष्यति' सोहळा असतो, आता बोला! पण आक्रीत, इपरीत, अचाट हे कुणी फ्लेक्सवर लावत नाही म्हणून अजून धार आहे त्यांना, ते घरात बोलत राहिलं पाहिजे, पोरांना मुद्दाम शिकवायची गरज नाही, कानावर पडलं की येतं.

लिंबकर:
तेच सांगतोय की मगाधरनं. आणि पोऱ्या, तोंडानं ओढता येतं रे, फोटोखाली टाइप करताना काय ओढणार? तिथं मिसळीचं भारी आणि विहिरीचं भारी सारखंच दिसतंय.

मिरजेचा पोऱ्या:
भारीईईईईई. घ्या, ओढलं.