ऑटोइम्यून: 'स्वयं' की 'स्व'?

नौपाड्यात राहणाऱ्या मावशीला आर.ए. निघाला, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. बोटांचे सांधे सुजलेले, सकाळी तासभर मूठ वळत नाही. तिने विचारलं, "ऑटोइम्यून म्हणजे काय रे?" मी ऐटीत सांगितलं, "स्वयंप्रतिकार." तर म्हणते, "मग चांगलंच की, शरीर आपणहून प्रतिकार करतंय!"

तिचं काय चुकलं? स्वयंचलित, स्वयंस्फूर्त, स्वयंसेवक. मराठीत 'स्वयं' म्हणजे आपणहून. 'स्वतःविरुद्ध' हा अर्थ त्यात उतरतच नाही. 'स्वप्रतिरक्षा' म्हणावं तर कराटेचा क्लास वाटतो. मुळात शरीराची संरक्षणयंत्रणा शरीरावरच उलटते, ही गोष्ट डॉक्टरांनाही पटायला वेळ लागला. 1900च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख म्हणत होता की शरीराला स्वतःवर उलटण्याची धास्तीच असते, ते तसं होऊ देत नाही. 1956मध्ये रुग्णांच्या रक्तात त्यांच्याच थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) सापडली, तेव्हा कुठे चित्र पालटलं. चांगला शब्द सुचवा.

वाशीहून: शब्द कशाला, म्हण आहे ना. कुंपणच शेत खातं.

धागाकर्ता: नाही पटत. त्या कुंपणात बेइमानी आहे, इथे फक्त ओळख चुकते. आमचा नवा वॉचमन मला रोज "कुणाकडे जायचंय?" विचारतो, तसं. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' जास्त जवळचं. (चोर अगदीच सुटतो असंही नाही म्हणा.)

घोडबंदर रोडवरून: सुट्या रोगांना आपल्याकडे जुनी नावं आहेत, त्यांच्या कुळाला नाही. डोक्यावर चाई पडते, अंगावर कोड येतं. दोन्ही ऑटोइम्यून, पण आजीला हे एकाच घरातले म्हटलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं. आणि मावशींच्या दुखण्याला 'संधिवात' म्हणू नका. गुडघ्याची झीजही त्याच नावाने खपते. वैद्य आमवात म्हणतात, तो शब्द निदान वेगळा तरी राहतो.

ऐरोलीहून: माझं भांडण 'प्रतिकारशक्ती'शी आहे. शक्ती म्हटली की ती वाढवायचीच! मला सोरायसिस आहे, त्वचेचा असाच रोग. ऑफिसात दर आठवड्याला कुणीतरी च्यवनप्राश नाहीतर गुळवेल सुचवतं. मी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी घेतो ती ती शक्ती आवरायला, हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. 'प्रतिकारयंत्रणा' म्हणा. यंत्रणा बिघडते, हे तरी सगळ्यांना माहीत असतं.

बाकी ॲलर्जीला आपला 'वावडं' किती नेमका आहे! शेंगदाण्याचं वावडं, धुळीचं वावडं. मग हे स्वतःचंच वावडं.

धागाकर्ता: ॲलर्जीची गडबड वेगळी असते, डॉक्टर मंडळी हरकत घेतील. तरी मावशीला फोन करून सांगितलं: अंगाला अंगाचंच वावडं. क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "हे कळलं. पण मेडिक्लेमच्या फॉर्मवर काय लिहू?"