स्वतःच्या गतीने शिकणारी मुलं शाळेबाहेर शिकली तर बिघडलं कुठे?

रानजाई
मुलाला आम्ही तिसरीनंतर शाळेतून काढलं. अपूर्णांकांची गणितं तो चुटकीसरशी सोडवायचा, पण मराठीचा एक परिच्छेद वाचायला त्याला इतरांच्या दुप्पट वेळ लागायचा. गणिताच्या तासाला त्याला गप्प बसवलं जायचं आणि वाचनाच्या तासाला घाई केली जायची. बाईंना दोष देत नाही, वर्ग भरलेला आणि अभ्यासक्रम जूनमध्येच ठरलेला. आता घरी एकच गोष्ट तो आठवडाभर वाचतो, मी वाचू देते. भूमिती मात्र भराभर पुढे गेली आहे. एका वयाच्या सगळ्या मुलांनी सगळे विषय एकाच वेगाने शिकावेत, ही सोय व्यवस्थेची आहे, मुलांची नाही. ज्यांना जमतं त्यांनी घरी शिकवावं आणि सरकारने त्याला सरळ मान्यता द्यावी, असं माझं मत आहे.

खडूफळा
ताई, मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. तुमच्या मुलाबद्दल माझी तक्रार नाही, पण सरसकट मान्यतेला माझा ठाम विरोध आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, दहाव्या कलमानुसार, ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. पालकांना त्यात दंड नाही, म्हणून तुमच्यासारख्यांचं निभावतं. आमच्या हातात मात्र तेवढंच एक कलम असतं. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की धाकट्या भावंडाला सांभाळायला मुलींना बरोबर नेतात. एकेका मुलीला आजीकडे ठेवा म्हणून आम्ही घरोघर विनवण्या करत फिरतो. उद्या बाप म्हणाला, ‘ती घरीच शिकते, सरकारला चालतं’, तर मी काय बोलू? तुमच्या मुलाच्या आईला भूमिती शिकवता येते. या मुलींच्या आईच्या हातात कोयता आहे.

अबोली
सरांशी सहमत. १८४८ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, कारण घरावर सोडलं तर बहुतेक मुलींच्या वाट्याला अक्षर येणारच नव्हतं. शिवाय शाळेत बाकावर शेजारी कोण बसणार हे आईवडील ठरवत नाहीत. घरी शिकणाऱ्या मुलांचे जे गट मी पाहिले, त्यात सगळी एकाच थरातली कुटुंबं होती.

सह्यकडा
मूळ मुद्दा वेगाचा होता, तो बाजूला पडतोय. मुंबईच्या मालविका जोशीला तिच्या आईने सातवीत शाळेतून काढलं. तिने आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे शालेय मुलांच्या प्रोग्रामिंग स्पर्धेत, पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळाला. इथे बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीचा रस्ता बंद होता.

खडूफळा
ती लाखात एक. तिच्यावरून सगळ्यांसाठी नियम करू नका.

सह्यकडा
बरं, साधं मूल घ्या. एनआयओएसच्या, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेच्या, दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. ५ विषय, आणि ते सोडवायला ५ वर्षांत ९ संधी. सुटलेला विषय जमा राहतो. माझ्या पुतण्याने दोन-दोन विषय घेत, गणित शेवटी ठेवून दहावी केली. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्मही आहे, पण तिथे सगळ्या विषयांची तयारी एकदम करावी लागते. सोळाव्या वर्षी ज्याचा त्याचा वेग सरकारला चालतो, मग आठव्या वर्षी, ऐन वाचायला शिकताना, का चालू नये?

मोरपंखी
एक कुणीच बोललं नाही. गोष्ट आठवडाभर वाचू द्यायला घरात दिवसभर माणूस लागतं. मी पाहिलेल्या प्रत्येक घरात नोकरी आईनेच सोडली आहे.

रानजाई
मोरपंखी, खरं आहे, आमच्याकडेही मीच सोडली.
सर, तुमच्या मुलींचं वाचून मी माझी मागणी बदलते. सूट नको. मूल जवळच्या शाळेच्या पटावर राहावं. मैदान, वाचनालय तिथलंच वापरावं, म्हणजे अबोली म्हणते तसे वेगवेगळ्या घरांतले सवंगडीही मिळतील. शिक्षकांनी वर्षातून दोनदा येऊन मुलाला भेटावं. परतायची वाट आहेच: त्याच कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण मिळतं. फक्त दरवर्षी इयत्तेची परीक्षा नको.

खडूफळा
पट चालेल. पण भेटीचा दिवस शिक्षक ठरवणार, आणि मुलाशी एकट्याने बोलणार. पाचवीच्या वयाला पाचवीचा धडा न अडखळता वाचता आला नाही, तर मूल शाळेत परत. ही अट नसेल तर माझ्या वस्तीवरची मुलगी पटावर दिसेल आणि फडात राबेल.

रानजाई
दिवस तुम्ही ठरवा, एकट्याने बोला, दोन्ही मान्य. पाचवीची अट मान्य नाही. माझा मुलगा आता त्याच वयाचा आहे आणि अजून अडखळतो, पण वाचायला स्वतःहून बसतो. शाळेत तो पुस्तक लपवायचा. मूल कामाला लावलंय की शिकतंय हे तुम्हाला एका भेटीत कळेल, त्यासाठी धड्याची अट कशाला? सातवीपर्यंत थांबायला तयार आहात का, तेवढं सांगा.