‘सामावून घेणे’ की ‘सामील होणे’? : एक शब्दचर्चा

विचारणा (राजारामपुरीतील एक अनुवादक)

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय व्यापारावरील एक पाठ मी मराठीत आणत आहे. नेपाळने जागतिक व्यापार संघटनेचे सदस्यत्व कसे मिळवले आणि अशा देशांना त्या वाटेवर कोणते साहाय्य लागते, हा त्याचा विषय आहे. ‘विकसनशील देशाला जागतिक व्यापारव्यवस्थेत सामावून घेणे’ असे मी प्रथम लिहिले. ते खटकते आहे, पण का खटकते हे नेमके सांगता येत नाही. ‘प्रवेश’, ‘समावेश’, ‘सामिलीकरण’ यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर (इतिहासाचे निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ)

आपल्याला खटकतो आहे तो वाक्यातील कर्ता. ‘सामावून घेणे’ म्हटले की घेणारा कोणी दुसरा असतो आणि देश कर्माच्या जागी जाऊन बसतो. ‘समावेश’ आणि ‘सामिलीकरण’ यांतही तोच दोष आहे, कारण यादीत नाव घालणारा हात दुसऱ्याचा असतो. प्रत्यक्षात संघटनेच्या स्थापना-करारातील बाराव्या कलमानुसार अर्ज देश स्वतः करतो, अटी वाटाघाटींतून ठरतात आणि शेवटी त्या देशाची संमती लागते.

कोल्हापूरकरांना हा भेद समजावून सांगणे अवघड जाऊ नये. 1947 मध्ये संस्थानांनी सामीलनामे लिहून दिले तेव्हा त्यांनी संरक्षण, परराष्ट्रव्यवहार आणि दळणवळण हे विषय सोपवले, बाकीचा कारभार मात्र त्यांच्याकडेच राहिला; 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात आले ते ‘विलीनीकरण’ होते आणि त्यानंतर संस्थान म्हणून ते उरले नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला हे दोन शब्द कधी एक वाटले नाहीत. व्यापार संघटनेत येणारा देश सामील होतो, विलीन होत नाही. सहा महिन्यांची लेखी सूचना देऊन त्याला बाहेरही पडता येते. म्हणून ‘सामील होणे’ हे क्रियापद आणि त्या दस्तऐवजासाठी ‘सामीलनामा’ हा आपल्या भाषेत रुळलेला शब्द, असे माझे मत आहे.

उत्तर (शाहूपुरीतील गूळ-व्यापारी)

गुरुजींचे म्हणणे पटते, पण ‘प्रवेश’ का नको हेही सांगायला हवे. प्रवेश दारातून एका पावलात होतो, शाळेचा प्रवेश एका अर्जाने होतो. नेपाळचा अर्ज 1989 चा, म्हणजे जिनिव्हाची ही व्यापार संघटना 1 जानेवारी 1995 रोजी अस्तित्वात येण्याच्याही आधीचा; तेव्हा तो तिच्या पूर्वीच्या ‘गॅट’ या व्यापार-कराराकडे केलेला होता. आणि तो देश 147 वा सदस्य झाला 23 एप्रिल 2004 रोजी. मधल्या पंधरा वर्षांत आपल्या व्यापारव्यवस्थेचे सविस्तर निवेदन सादर करणे, अर्ज तपासणाऱ्या कार्यगटातील सदस्य-देशांच्या प्रश्नांना लेखी उत्तरे देणे, कायदे बदलणे आणि एकेका देशाशी आयातशुल्काचे दर ठरवणे, एवढे सगळे येते. ‘प्रवेश’ या शब्दात यातले काहीच दिसत नाही.

या वाटाघाटींना ‘सौदे’ म्हणावे असे मला आधी वाटले होते. तसे करू नये. आमच्या गुळाच्या सौद्यात एका अडत दुकानात निघालेला भाव शेजारच्या दुकानाला बांधत नाही. तिथे मात्र एका देशाला दिलेला दर सर्व सदस्यांना द्यावा लागतो. ठरलेल्या कमाल दरासाठी ‘बांधील दर’ हा शब्द चांगला आहे, कारण त्याखाली कितीही उतरता येते, वर मात्र मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. आणि कृपया तिथे ‘जकात’ लिहू नये. जुन्या मराठीत तो शब्द सीमेवरच्या करालाही चालत असे; पण आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर शहराच्या वेशीवरचा जकात नाकाच येतो.

अनुवादकाची पुरवणी

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. नेपाळला ‘विकसनशील’ म्हणावे की ‘अल्पविकसित’?

उत्तर (अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका)

इथे शैलीपेक्षा नियमाचा प्रश्न आहे. व्यापार संघटनेत विकसनशील असल्याचे देश स्वतः जाहीर करतो. अल्पविकसित देशांची यादी मात्र संयुक्त राष्ट्रांची असते आणि सवलती त्या यादीला जोडलेल्या असतात. सामील होणाऱ्या अल्पविकसित देशांसाठी 2002 मध्ये आणि पुन्हा 2012 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे ठरली. दुसऱ्या वेळी त्यांच्या शेतमालावरील बांधील दरांची सरासरी 50 टक्के हा मापदंड आला. नेपाळ 2004 मध्ये त्या यादीत होता, आणि पूर्ण वाटाघाटी करून सामील झालेला त्या गटातील तो पहिला देश. त्याला केवळ ‘विकसनशील’ म्हटल्यास हे महत्त्व वाचकाच्या हातून निसटते.

‘मदत’ या शब्दाविषयीही मला आग्रहाने सांगायचे आहे. संकटात सापडलेल्याला आपण मदत पाठवतो. इथे कायद्याचे मसुदे लिहू शकणारी, सीमाशुल्काची कागदपत्रे हाताळणारी आणि वाटाघाटीच्या मेजावर आपल्या देशाची बाजू मांडणारी माणसे त्या देशातच तयार करायची असतात. त्यासाठी ‘साहाय्य’ अधिक नेमका शब्द आहे, कारण त्यात काम करणारा देश आणि त्याच्या सोबत असणारा, असे दोघेही दिसतात.

अनुवादक

वाक्य आता असे केले आहे : ‘अल्पविकसित देशाला जागतिक व्यापारव्यवस्थेत स्वतःच्या अटी मांडून सामील होता यावे, यासाठीचे साहाय्य.’ लांबले आहे, पण ‘सामावून घेणे’ मी पाठातून सर्वत्र काढले.