उन्हाळी टोमॅटो: फुलं भरपूर, पण फळ धरत नाही

रानवारा:
टोमॅटोची पुनर्लागवड होऊन सात आठवडे झाले. झाडं जोमात आहेत, पानांना काळोखी म्हणजे गडद हिरवा रंग चांगला आहे, घोसाला पाच-सहा फुलं लागतात. पण उमललेलं फूल दोन-तीन दिवसांत देठाच्या गाठीवर पिवळं पडून गळतं. दुपारी तापमान ३७-३८ अंश, रात्री २५-२६. ठिबक चालू आहे, कीड दिसत नाही. नत्र कमी पडत असेल म्हणून युरिया वाढवला, तरी फरक नाही. कुठल्या फवारणीनं गळ थांबेल?

वाफसा:
दुपारच्या उन्हाइतकीच तुमची रात्र नडतेय. टोमॅटोला फळधारणेसाठी रात्री साधारण १५ ते २० अंश मानवतात. रात्र गरम असली की दिवसभर पानांत तयार झालेली साखर श्वसनातच खर्च होते आणि परागकण उपाशी, पोकळ राहतात. त्यात दिवसा ३२-३५ च्या वर तापमान टिकलं की पराग रुजतच नाहीत.

सकाळी ताजं उमललेलं फूल तोडून नीट बघा. पिवळ्या पुंकेसरांच्या नळीतून हिरवट टोक बाहेर डोकावत असेल, तर उष्णतेनं स्त्रीकेसराची दांडी लांबलीय. पराग नळीच्या आतल्या बाजूला सुटतात, त्यामुळे बाहेर आलेल्या टोकाला ते मिळत नाहीत. मग फूल काळ्या कागदावर टिचकी मारून झटका. भुकटी पडलीच नाही, तर पराग तयारच झालेले नाहीत.

युरिया मात्र आजच बंद करा. जादा नत्रानं शेंडा आणि बगलफूट जोर धरते, उरलीसुरली साखर तिकडे ओढली जाते आणि घोस उपाशी राहतो.

सावली_माती:
फवारणीपेक्षा सावली आणि पाणी यांवर भर द्या. ३० ते ३५ टक्क्यांचं पांढरं शेडनेट पिकाच्या बरंच वर, बाजू मोकळ्या ठेवून बांधा. ५० टक्क्यांच्या वर जाऊ नका. उजेड कमी पडला तरी फुलं गळतात, आणि मग दोष उन्हाला दिला जातो. काळा प्लास्टिक मल्च असेल तर त्यावर पाच-सात सेंटिमीटर जाडीचं पेंढ्याचं आच्छादन पसरा, मुळाशी माती गार राहते.

एकदम भरपूर पाणी देऊन मग दोन दिवस खंड, असं करू नका. तेच पाणी रोज सकाळी थोडं थोडं द्या, वाफसा टिकला पाहिजे, म्हणजे माती ओलसर हवी पण चिखल नको. ताण पडून पुन्हा पाणी मिळालं की फुलगळ वाढतेच, शिवाय कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही आणि टोक काळं पडून सडतं. जमिनीत कॅल्शियम असूनही हे होतं.

सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान तारा किंवा काठ्या हलक्या हातानं हलवा. पराग जिवंत असतील तर याचा उपयोग होतो.

रानवारा:
आभार. संध्याकाळी झाडांवर पाणी फवारून गारवा आणला तर? आणि तापमान उतरलं की लगेच फळ धरेल का?

वाफसा:
संध्याकाळी पानं भिजवू नका. रात्रभर ओली राहिली तर करपा या बुरशीच्या रोगाला आयतं निमंत्रण, शिवाय दमट हवेत पराग चिकटून बसतात.

लगेच धरणार नाही. फूल उमलण्याच्या साधारण ८ ते १३ दिवस आधी, कळी अगदी बारीक असताना पराग घडत असतात आणि उष्णतेचा खरा घाव तेव्हाच बसतो. म्हणजे आज गळणारं फूल मागच्या आठवड्यातल्या उन्हानं बिघडलंय. गारवा आल्यावर दीड-दोन आठवडे वाट बघा. तोवर झाड उपटू नका, खताचा मारा करू नका.

सावली_माती:
धरलेल्या फळांबद्दलही एक सांगतो. ३० अंशांच्या वर तांबडा रंग नीट भरत नाही, फळ पिवळट-नारिंगी राहतं. टोकाला गुलाबी छटा दिसताच तोडा आणि २० ते २५ अंशांत सावलीत पिकवा. शेंड्याची पानं काढू नका, नाहीतर उघड्या फळांवर उन्हाचे पांढरे चट्टे पडतील.