मदत हवी आहे: मूकपट फार पळतोय

राजेहो, एक अडचण आहे. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रसजवळ. कोजागिरीला समाजमंदिरात दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (1919) दाखवायचं ठरलंय. यात कृष्ण झालीय त्यांची लेक मंदाकिनी. ती पोर डोळ्यांनीच काय बोलते, बाप्पा!

परवा भिंतीवर चादर लावून चालवून पाहिला, तर चित्रातले सगळे मुंग्यांसारखे पळाले. आजी म्हणते, "एवढी कायची घाई आहे रे यायले?" तेव्हा कॅमेरा हातानं फिरवत, सेकंदाला 16-18 चित्रं, आणि माझी फाईल चालते 24 नं. मग वेग 0.67 ठेवू की 0.75? मोजून कोणी केलंय का? की प्रसंगागणिक बदलावा लागतो? हात काही घड्याळासारखा फिरत नसेल.

दुसरं, भजनी मंडळाचे पेटी-तबलेवाले तयार आहेत, पण नाग वर येतो तिथं काय वाजवावं यावर भांडण लागलंय. तबलजीला सारखा दादराच धरायचा असतो. पडद्यावर मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या मोठ्यानं वाचायला एक पोरगा बसवतोय.

लाईन गेली तर इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर किती वेळ टिकतो, हेही कोणी सांगा.