‘रिलीज’ला मराठीत काय म्हणावं: विमोचन, मोचन की पाझर?

चिंचगूळ: प्रथिन-औषधांवरचा एक लेख मराठीत लिहितेय. औषध पीएलजीए नावाच्या पॉलिमरच्या अगदी बारीक गोळ्यांत भरून टोचतात, मग ते आठवडेच्या आठवडे थोडंथोडं सुटत राहतं. ‘बायोडिग्रेडेबल पॉलिमर’ला ‘जैवविघटनशील बहुवारिक’ आणि ‘कंट्रोल्ड रिलीज’ला ‘नियंत्रित विमोचन’ लिहिलं. नवरा म्हणाला, अध्यक्ष कोण आहेत समारंभाला?

काठावरचा: बहुवारिक ठेवा, ‘बहुलक’ हिंदीतलं. विमोचन मात्र पुस्तकांनी पळवलंय. ‘मोचन’ चालेल, पण लगेच संकटमोचन आठवतो.

खलबत्ता: औषधनिर्माणात आहे, म्हणून नाक खुपसतो. माझी हरकत ‘जैव’वर. पीएलजीए म्हणजे लॅक्टिक आम्ल, हो दह्यातलंच, आणि ग्लायकोलिक आम्ल यांची साखळी. ती मुख्यतः पाण्यानेच तुटते. कचऱ्यातल्या पिशवीसारखे तिथे जिवाणू लागत नाहीत. ‘शरीरात विघटन पावणारे’ लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

उंबरठा: आमच्या आईच्या ऑपरेशनला डॉक्टर ‘विरघळणारे टाके’ म्हणाले होते. तसंच ‘विरघळणारे बहुवारिक’ का नको?

खलबत्ता: ते टाके बहुधा याच कुळातले असतात. पण मीठ पाण्यात विरघळलं तरी मीठच राहतं, इथे साखळीच तुटते.

काठावरचा: मग ‘विरणारे’ म्हणा की! जुनं धोतर विरतं तसं. वरून धड दिसतं, हात लावला की फाटतं.

खलबत्ता: वा! जाड तुकड्यांचं अगदी तसंच होतं. तुटताना तयार झालेलं आम्ल आत कोंडतं, त्यामुळे वरच्यापेक्षा आतला भाग आधी विरतो. लहानशा पेप्टाइडाला, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळीला, ते सोसतं. नऊ अमिनो आम्लांचं ल्युप्रोलाइड हे औषध महिन्यातून एकदा टोचायच्या रूपात अमेरिकेत 1989 मध्येच मंजूर झालं. मोठ्या प्रथिनाची घडी मात्र त्या आंबटपणात मोडते, गुठळ्या होतात. वाढीच्या संप्रेरकाचं न्यूट्रोपिन डेपो 1999 मध्ये मंजूर झालं, त्यात संप्रेरकाला जस्ताचा आधार दिला होता. पण बनवण्याविकण्याचा व्याप इतका, की 2004 मध्ये ते बंदच केलं.

चिंचगूळ: ‘विरणारे’ घेतलं. आणि रिलीजला ‘पाझर’?

काठावरचा: पाझर आपल्या ताब्यात कुठे असतो? ‘नियंत्रित पाझर’ म्हणजे नळाला विहीर म्हणणं.

खलबत्ता: ताबा असतो थोडा. लॅक्टिकचा वाटा वाढवला की विरणं लांबतं, निम्मंनिम्मं घेतलं की लवकर उरकतं. खरी पंचाईत पहिल्या दिवशीची. गोळ्यांच्या पृष्ठभागाजवळचं औषध भसकन बाहेर येतं. ‘इनिशियल बर्स्ट’ला आम्ही इंग्रजीच वापरतो.

उंबरठा: पहिला लोंढा!

चिंचगूळ: झकास. आता टोचून अंगात ठेवलेल्या औषधाचा ‘डेपो’ राहिला. ‘साठा’ लिहू?

उंबरठा: डेपोच राहू द्या. एसटीच्या डेपोतून गाड्या एकेक करून सुटतात, हे कुणालाही कळतं.

काठावरचा: वेळेवर सुटतात असं मात्र लिहू नका.

चिंचगूळ: मजकुरात ‘नियंत्रित मोचन’ आणि मथळ्यात ‘पाझर’ लिहिते. संपादकांनी कापलं तर परत येईन भांडायला.